मज्जारज्जूतली पोकळी एमआरआयमध्ये कशी वाचतात? (लेखांक सहावा)

चुलीतला निखारा बोटाला लागला, फोड आला, पण कळ उठली नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यावर असं काही कानावर आलं, की आशाताईला पहिली शंका कुष्ठरोगाची येते, आणि ती यायलाच हवी. पालघर जिल्ह्यात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर बधिर चट्टा आहे का, कोपरामागची नस जाड लागते का, हे आधी बघायचं. पण चट्टा नाही, नसही जाड नाही, कापसाचा स्पर्श नीट कळतो आणि चटका तेवढा कळत नाही, अशा वेळी मज्जारज्जूचा विचार करावा लागतो.

सिरिंगोमायलिया या आजारात मज्जारज्जूच्या आत पाण्याची लांबट पोकळी तयार होते. वेदना आणि उष्णता कळवणारे तंतू मज्जारज्जूच्या मध्यातूनच एका बाजूकडून दुसरीकडे जातात, त्यामुळे पहिला घाव त्यांच्यावर बसतो. स्पर्शाचे तंतू मागच्या बाजूने वर चढतात, ते बराच काळ वाचतात. खांद्यावर घोंगडी घ्यावी तेवढा भाग, दोन्ही हातांसकट, चटक्याला बधिर होतो. पुढे पंजाचे स्नायू सुकतात, बोटं वाकतात आणि कुष्ठरोगाशी घोटाळा वाढतो.

एमआरआयच्या टी-वन प्रतिमेत पाणी काळं दिसतं, टी-टूमध्ये पांढरं. उभ्या छेदात पोकळीची लांबी कळते, आडव्यात रुंदी. मानेच्या चित्रात कधीकधी मज्जारज्जूच्या मधोमध एक बारीक रेघ येते. ही रेघ प्रतिमा जुळवण्याच्या गणितातून उमटलेली असू शकते. आडव्या छेदात तिथे काही नसेल, तर पोकळीही नाही.

मात्र पोकळी मोजून थांबणं मला अपुरं वाटतं. पाणी का साचलं, हे कळल्याशिवाय उपचार ठरत नाही. बहुतेकदा मूळ मानेच्या वर, कवटीच्या तळाशी असतं. हान्स कियारी यांनी १८९१ मध्ये वर्णन केलेल्या विकृतीत लहान मेंदूची टोकं कवटीच्या भोकातून खाली उतरतात, साधारण ५ मिलिमीटरहून जास्त, आणि मेंदू-मज्जारज्जूभोवती खेळणाऱ्या पाण्याची वाट अडते. खोकला आला की डोक्याच्या मागे ठणका लागतो, ही त्याची ओळखीची खूण. हृदयाच्या ठोक्याशी जुळवून घेतलेल्या सिने एमआरआयमध्ये हे पाणी दर ठोक्याला खाली-वर होताना दिसतं, कुठे अडतं तेही दिसतं. गाठीची शंका असेल तर गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन पुन्हा प्रतिमा घेतात. त्याआधी मूत्रपिंडांची तपासणी हवी. ताडावरून पडून कण्याला मार बसला असेल, तर पोकळी काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही तयार होते. म्हणून जुना मार डॉक्टरांना आवर्जून सांगावा.

कियारीवर रूढ शस्त्रक्रिया म्हणजे कवटीचं ते भोक मोकळं करणं. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल यांनी २०१५ मध्ये ६५ रुग्णांच्या अनुभवावरून वेगळं मत मांडलं: मूळ दोष मानेच्या पहिल्या दोन मणक्यांच्या सैलपणात आहे, तेच सांधे पक्के करावेत. जगातल्या अनेक शल्यचिकित्सकांना हे पटलेलं नाही. वाद चालू आहे. पण त्यामुळे कवटी-मानेचा सांधा नीट टिपणं किती गरजेचं आहे ते कळतं.

तलासरीहून वापी, सिल्वासा किंवा मुंबईची एक खेप म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडते. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘मान’ लिहून चालत नाही. कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंतचा पूर्ण कणा, असं डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला लिहावं. आणि सीडी घरी जपून ठेवावी: शस्त्रक्रियेनंतर पोकळी आकसली की नाही, हे आधीच्या प्रतिमांशी ताडूनच ठरतं.