औषध पोटात गेले. पण रक्तात गेले काय?

श्रोतेहो, गोळी गिळली म्हणजे औषध घेतले, असा आपला समज असतो. पण गिळणे निराळे आणि भिनणे निराळे. औषध आधी आतड्यातील पाण्यात विरघळावे लागते. मगच ते अस्तरातून रक्तात शिरते. कित्येक औषधे तर तेलासारखी पाण्याशी फटकून वागणारी! त्यांची वाट कशी लागते?

येथे साबणाच्या जातीचे पदार्थ उपयोगी पडतात. शास्त्रज्ञ त्यांना सर्फॅक्टंट म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, दुसरे तेलाशी. पुरेसे रेणू जमले की त्यांचे सूक्ष्म पुंज बनतात आणि औषध त्यांत बसून पाण्यातून वाहत जाते. निसर्गाने असा साबण देहातच ठेवला आहे. तो म्हणजे पित्तातील क्षार. स्निग्ध अन्न आतड्यात उतरले की पित्ताशय पित्त सोडते. म्हणूनच गजकर्णावरील ग्रिसिओफल्विन स्निग्ध जेवणाबरोबर घ्यावयास सांगतात.

सायक्लोस्पोरिनचे उदाहरण बोलके आहे. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात. त्याचा तेलात मिसळलेला पहिला प्रकार अमेरिकेत १९८३ साली मान्य झाला. तो पित्तावर फार अवलंबून असे. यकृतरोपणानंतर ज्यांचे पित्त नळीने बाहेर काढले जाई, त्यांच्या रक्तात औषध थोडेच पोचे. १९९५ साली जोमदार सर्फॅक्टंट घातलेला नवा प्रकार तेथे मान्य झाला. औषध तेच, मिलिग्रॅम तेवढेच. तरी रक्तात पोचणारा भाग निराळा. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकाच्या जागी दुसरा घेऊ नये.

मग साबण जितका जास्त तितका बरा? नव्हे. अस्तर ओलांडतो तो औषधाचा मोकळा रेणू. पुंज फार झाले तर औषध त्यांतच अडकते. हातगाड्या पुष्कळ आल्या, पण माल खाली उतरलाच नाही, तर गोदाम रिकामेच राहते! शिवाय काही सर्फॅक्टंट अस्तराच्या पेशींमधील सांधे सैल करतात. त्याने औषधाला वाट मिळते. अतिरेकाने अस्तरच दुखावते.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. ‘जेवणानंतर’, ‘उपाशीपोटी’ हे चिठ्ठीवरील शब्द पाळीच्या घाईत कसे विसरले जातात, हे आम्ही जाणतो. म्हणून आमचे सांगणे एवढेच: रात्रपाळी करणाऱ्याने आपले जेवण केव्हा आणि काय असते, हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. घामाच्या पैशाने घेतलेले औषध रक्तापर्यंत पोचले पाहिजे.