काजळीचा दोष तेलाचा की हवेचा?

कंदिलाची काच काळवंडली की बोल रॉकेलला लावला जातो. भेसळीचे तेल जास्त धुरते हे खरेच. पण चांगले रॉकेलही उघड्या वातीच्या चिमणीत भकाभका काजळी ओकते आणि नीट राखलेल्या कंदिलात जवळजवळ स्वच्छ जळते. साध्या वातीच्या दिव्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी वजनाने 7 ते 9 टक्के भाग काळा कार्बन होऊन हवेत जातो, असे 2012 साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांतून दिसले. काचेच्या कंदिलात हे प्रमाण कितीतरी कमी भरले. फरक पडतो तो ज्योतीला मिळणाऱ्या हवेमुळे.

वातीतून वर चढलेल्या तेलाची वाफ होते आणि ती वाफ जळते. ज्योतीच्या आत हवा कमी पडते, तिथे कार्बनचे बारीक कण तयार होतात. मग ते होऊच देऊ नयेत का? तसे करून चालणार नाही, कारण ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तापून लखलखणारे हेच कण. ते नसले तर स्टोव्हसारखी निळी ज्योत मिळेल, आणि तिच्या उजेडात वाचता येणार नाही. कण आत तयार व्हावेत, उजेड द्यावा आणि बाहेर पडण्याआधी जळून जावेत, एवढेच साधायचे असते. रॉकेलचे दिवे येण्याच्या कितीतरी आधी, 1780 च्या दशकात, स्विस संशोधक एमे आर्गां याने पोकळ गोल वात आणि काचेची नळी वापरून हे साधले. तापलेली हवा काचेतून वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही हवेच्या याच ओढीवर चाले.

वात वर केली की उजेड वाढतो, हा अनुभव खोटा नाही. पण एका मर्यादेनंतर तेल वाढते आणि हवा तेवढीच राहते. ज्योतीचे टोक धुरकटते, काच काळी होते आणि उजेड उलट घटतो. म्हणून वातीचा जळका भाग काढून ती सरळ कापावी, बर्नरची भोके मोकळी ठेवावीत, आणि काच तापेपर्यंत वात खालीच असू द्यावी. आता वीज आली, हे कशाला, असे कोणी म्हणेल. 2011 च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 31 टक्के घरांचा मुख्य उजेड रॉकेलचाच होता. आज ते चित्र पुष्कळ बदलले, तरी वीज गेली की कंदील पुन्हा खाली उतरतोच. शिवाय काच स्वच्छ दिसली म्हणजे खोलीतली हवाही स्वच्छ, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली घरात रॉकेल जाळू नये असाच सल्ला दिला आहे. सौर दिवा मिळत असेल तर तोच घ्यावा. कंदील लावणे भागच असेल तर तो वाऱ्याच्या झोतात न ठेवता खोलीत हवा खेळती ठेवावी, आणि बिनकाचेची चिमणी घरातून आधी काढावी.