खात्यापित्या घरचं पोट

बदलापूर पूर्वेचं शिरगाव आज कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. तब्येतीचा हिशेब मात्र जुन्याच वहीतला: 'आपण शेतकरी माणसं, आपल्याला कसला लठ्ठपणा?'

राब भाजणं, चिखलणी, आवणी, कापणी, झोडणी ही भाताची कामं अंग मोडून काढतात, यात शंका नाही. पण ती मोजक्या आठवड्यांची. चिखलणी पॉवर टिलरकडे गेली, आवणी मजुरांकडे. आणि खाचरात इमारत उभी राहिली तिथे सगळंच संपलं. ताटातला भात तेवढाच राहिला. कोपऱ्यावरच्या दुकानातही बाईकवरूनच जायचं, स्टेशनला शेअर रिक्षा. महाराष्ट्राचा समावेश असलेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत (२०१४) ग्रामीण भागातली निम्मी माणसं पुरेशी हालचाल न करणारी निघाली. जगातही तेच: १९८५ ते २०१७ या काळात सरासरी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक) जितका वाढला, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ खेड्यांतली होती.

'लठ्ठपणा पैसेवाल्यांचा आजार' हे आपल्याकडे अजून बरंचसं खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) जादा वजनाच्या स्त्रिया शहरात ३३.२ टक्के, खेड्यात १९.७ टक्के. हाती पैसा आला की माणूस आधी कष्टातून सुटका विकत घेतो, मग तेल-साखर. पण श्रीमंत देशांत चित्र उलटं झालं. तिथे गरीब बायकांमध्येच लठ्ठपणा जास्त. वडापाव आणि बिस्किटाचा पुडा फळांपेक्षा स्वस्त पडतो, तेव्हा आपणही त्याच वाटेवर आहोत. म्हणून जागा विकल्यावर सुटलेल्या पोटाला 'खात्यापित्या घरचा' म्हणून कौतुकानं थापटणं आता थांबवावं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढे गेली, तर साखर तपासून घ्यावी.

काटकुळ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेला जोडफोटो प्रसिद्ध आहे. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! वजनकाटा हे सांगत नाही.

आणि व्यायाम म्हणजे जिमच, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते. शेतात किंवा घरात धाप लागेल असं काम त्यात धरलं जातं, आणि सलग दहा मिनिटांची जुनी अट २०२० साली गेली. ओट्याशी किंवा लोकलमध्ये तासभर उभं राहणं त्यात बसत नाही, कितीही दमवलं तरी. २०२२ च्या अंदाजानुसार देशातल्या ५७ टक्के स्त्रियांची आणि ४२ टक्के पुरुषांची हालचाल अपुरी पडते. याला बायकांचा आळस म्हणणाऱ्यांनी संध्याकाळी एकटीनं भरभर चालणाऱ्या बाईला गावात किती जण 'कुठं निघालीस गं?' म्हणून हटकतात, ते एकदा मोजावं.