प्रिंटर का अडला?

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पान का सडले, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर तुम्हांला ठाऊक आहे: न फिरवल्यामुळे! प्रिंटरचे मात्र अगदी उलटे असते. ‘प्रिंटर का अडला?’ हा प्रश्न एकच, पण त्याची उत्तरे डझनभर निघतात. मग त्यांतले खरे उत्तर ओळखायचे कसे?

विद्यार्थी मित्रहो, काही वर्षांपूर्वी मी स्वतःच या कोड्यात सापडलो. प्रात्यक्षिक परीक्षेची सकाळ होती. पहिल्या तुकडीतील २० विद्यार्थ्यांसाठी निरीक्षणांचे तक्ते छापायचे होते. प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर तक्ता तयार होता. छापण्याची आज्ञा दिली, प्रिंटर गप्प. पुन्हा दिली, थोडे थांबून पुन्हा दिली. अशी अकरा वेळा! इतक्यात आमच्या सहायकांनी टेबलामागे वाकून पाहिले. “सर, वायर निघालीये,” ते म्हणाले. वायर घट्ट बसवली, तरीही प्रिंटर गप्पच. ‘म्हणजे दोष वायरचा नव्हता,’ असा निष्कर्ष काढून मी संगणकात दिसेल ती मांडणी बदलत सुटलो. शेवटी मुलांनी पट्टी-पेन्सिलीने तक्ते आखून घेतले आणि परीक्षा अर्धा तास उशिरा सुरू झाली.

माझा निष्कर्ष चुकीचा होता. तो कोठे चुकला हे कळण्यासाठी आधी छपाईचा रस्ता पाहू.

गिरणीतली रांग

तुम्ही दळण घेऊन गिरणीत जाता, तेव्हा डबा रांगेत ठेवून घरी येता. जात्यापाशी उभे राहावे लागत नाही. गिरणीवाला एकेक डबा क्रमाने घेतो. लिनक्समध्ये गिरणीवाल्याचे हे काम करणाऱ्या प्रणालीचे नाव आहे ‘कप्स’. मायकेल स्वीट या अमेरिकन प्रोग्रामरने १९९७ मध्ये तिच्या रचनेला सुरुवात केली आणि १९९९ मध्ये ती लोकांच्या हाती आली. पुढे अ‍ॅपल कंपनीनेही आपल्या संगणकांसाठी हीच प्रणाली स्वीकारली.

तुमचे पान कागदावर उमटेपर्यंत पाच टप्पे पार करते. पहिला टप्पा, ज्यात तुम्ही लिहिता तो प्रोग्राम. दुसरा, कप्सची रांग. तिसरा, भाषांतर. चौथा, वायर किंवा वाय-फाय. पाचवा, खुद्द प्रिंटर.

यांतला भाषांतराचा टप्पा मोठा गमतीचा आहे. प्रिंटरला ‘क’ किंवा ‘ख’ कळत नाही. त्याला कळतात ठिपके. ए-४ आकाराचे पान दर इंचाला ६०० ठिपके या हिशेबाने छापायचे, तर रुंदीत सुमारे ४,९६० आणि लांबीत सुमारे ७,०१६ ठिपके बसतात. गुणाकार करून पाहा: जवळजवळ ३ कोटी ४८ लाख! यातला प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, हे कोणीतरी ठरवायला हवे. काही प्रिंटर हे काम स्वतः करतात, तर काहींसाठी ते संगणकाला करावे लागते. संगणकातील या दुभाष्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात.

नवा प्रिंटर जोडताना

यूएसबी वायरने प्रिंटर जोडला की तो संगणकाला आपली ओळख सांगतो: एक क्रमांक कंपनीचा, एक त्या नमुन्याचा. त्यावरून लिनक्स योग्य दुभाषा शोधते. अलीकडचे बरेचसे प्रिंटर ‘आयपीपी’ नावाची सामाईक बोली जाणतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. जुन्या प्रिंटरसाठी मात्र त्या कंपनीचे किंवा स्वयंसेवकांनी लिहिलेले ड्रायव्हर बसवावे लागतात.

प्रिंटर आपोआप दिसला नाही, तर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी रोमन लिपीत ‘लोकलहोस्ट’ हा शब्द, त्यापुढे दोन टिंबांचे विसर्गचिन्ह आणि ६३१ हा आकडा लिहा. कप्सचे स्वतःचे पान उघडेल. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, कारण ते पान तुमच्याच संगणकात असते. तेथे नवा प्रिंटर जोडता येतो, रांग पाहता येते आणि चाचणीचे पानही छापता येते.

निम्मा रस्ता एका फटक्यात

आता दोष शोधू. पाच टप्प्यांपैकी कोठे अडले हे पाहताना मधूनच सुरुवात करावी. कप्सच्या पानावरून चाचणीचे पान छापा. ते नीट छापले गेले, तर दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे टप्पे सामान्यतः निर्दोष समजावेत; दोष तुमच्या प्रोग्राममध्ये किंवा त्या विशिष्ट लेखात शोधायचा. उदाहरणार्थ, इंग्रजी मजकूर स्वच्छ उमटतो, पण मराठीच्या जागी नुसते चौकोन येतात. येथे प्रिंटरला बोल लावू नका. देवनागरीचा फाँट मिळाला नाही, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो.

चाचणीचे पान छापले गेले नाही, तर दुसऱ्या टोकाला जा. बऱ्याच प्रिंटरांवर एखादे बटण दाबून धरले, की संगणकाशी संबंध नसतानाही ते स्वतःचे चाचणी-पान छापतात. ते पान आले, तर प्रिंटर ठीक आहे. मग वायर. टर्मिनलच्या खिडकीत ‘एलएसयूएसबी’ ही पाच रोमन अक्षरे लिहा. यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची यादी येते. तीत प्रिंटर नसेल, तर चोर वायरीत किंवा खोबणीत आहे. पानांमागून पाने विचित्र चिन्हांनी भरून येत असतील, तर दुभाषा चुकीचा बसला आहे.

उरली रांग. ‘एलपीस्टॅट’, मग मोकळी जागा, आडवी रेघ आणि ‘टी’, एवढे लिहिले की रांगेची स्थिती दिसते. त्या परीक्षेच्या दुपारी शांत डोक्याने मी ही आज्ञा दिली, तेव्हा प्रिंटरच्या नावापुढे ‘डिसेबल्ड’ म्हणजे ‘बंद’ असा शेरा होता.

फ्यूज आणि रांग

झाले होते असे. आदल्या संध्याकाळी छपाई चालू असतानाच कोणीतरी टेबल सरकवले होते. वायर निसटली आणि ते काम अर्धवट फसले. काम फसले की रांग थांबवायची, ही कप्सची मूळ पद्धत आहे (ती बदलता येते). थांबलेली रांग नवी कामे घेते, पण पुढे पाठवत नाही. गिरणीचा पट्टा उतरला असताना डबे मात्र येतच राहावेत, तसे!

घरातल्या वीजमंडलाशी याची तुलना करा. दोन तारा चिकटल्या की फ्यूज उडतो. तारा सोडवल्या तरी दिवा लागत नाही, कारण उडालेला फ्यूज उडालेलाच राहतो. दिवा लागला नाही म्हणून ‘तारा चिकटल्याच नव्हत्या’ असे म्हणणे जेवढे चूक, तेवढाच माझा वायरीविषयीचा निष्कर्ष चूक होता. कारण दूर केले म्हणजे परिणाम आपोआप दूर होतोच असे नाही. शिवाय ‘एका वेळी एकच गोष्ट बदला’ हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. त्या दिवशी मीच ते विसरलो.

रांग सुरू करायची आज्ञा आहे ‘कप्सइनेबल’ आणि पुढे प्रिंटरचे नाव. ती देताच प्रिंटर धडधडू लागला, आणि थांबेचना! अकरा आज्ञा, प्रत्येकी २० प्रती: २२० पाने. खोक्यातला कागद संपला तेव्हाच तो थांबला. म्हणून आधी रांगेतली जुनी कामे रद्द करावीत आणि मग रांग सुरू करावी.

प्रिंटरला आग लागली?

जुन्या पद्धतीच्या जोडणीचा प्रिंटर असला, तर लिनक्स क्वचित ‘प्रिंटर पेटला आहे’ अशा अर्थाचा संदेश देते. घाबरू नका. प्रोग्राम आधी पाहतो, कागद संपला का? नाही. प्रिंटर बंद आहे का? नाही. तरीही प्रिंटर ‘काहीतरी बिघडले’ असे सांगतोय, मग आग लागली असेल! थट्टेचा भाग सोडा. एकेक शक्यता वगळत जाण्याची रीत मात्र आपलीच आहे.

हे मला कसे कळले? लिनक्सचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो म्हणून. या खुलेपणाच्या चळवळीची एक ठिणगीही प्रिंटरमुळेच पडली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की ताटकळणाऱ्यांना तसा निरोप जावा, अशी सोय तेथे प्रोग्राम बदलून केलेली होती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर मिळेना, त्यामुळे ती सोय करता येईना. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही प्रवाह एकत्र आले.

करून पाहा

शाळेच्या किंवा घरच्या लिनक्स संगणकावर, शिक्षकांची वा वडीलधाऱ्यांची परवानगी घेऊन, कप्सच्या पानावरून रांग मुद्दाम थांबवा. एक पान छापायला द्या आणि रांगेत ते कसे दिसते ते पाहा. मग मित्राला बोलवा, दोष कोठे आहे ते न सांगता त्याला शोधू द्या. त्याने कोणती चाचणी घेतली, काय दिसले आणि त्यावरून कोणता टप्पा वगळला, हे वहीत क्रमाने लिहा. एक काळजी घ्या: चालू असलेल्या लेसर प्रिंटरच्या आत हात घालू नका. शाई वितळवून कागदावर बसवणारा त्याचा रूळ सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो.

आणि हो, छापण्याची आज्ञा एकदाच द्या!