आकाशातील टक्कर आणि डोळ्याची मर्यादा

हडपसरच्या मैदानावरून दोराने वर खेचलेले ग्लायडर पुण्यात पुष्कळांनी पाहिले असेल. त्याला इंजिन नाही, आवाज नाही. एवढ्या अफाट आकाशात असली दोन विमाने एकमेकांवर आपटतील तरी कशी, असे आपल्याला वाटते. पण आकाश अफाट असले तरी ग्लायडरच्या उपयोगाचे आकाश थोडेच असते. तापलेल्या जमिनीवरून ऊन हवेचा प्रवाह वर चढतो, त्यात गिरक्या घेत त्याला उंची मिळवावी लागते. एकाला प्रवाह सापडला की घारी जमाव्यात तसे दुसरे तेथे जमतात. जेथे पोट भरते तेथेच गर्दी, हा आपल्या शहरांचा न्याय वरही लागू आहे!

गर्दीचे नियम साधे आहेत. प्रवाहात जो पहिला आला त्याची गिरकीची दिशा तीच सर्वांची दिशा. मागाहून येणाऱ्याने बाहेरच्या अंगाने, आतल्यांना दिसेल असे शिरावे. समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे.

खरी अडचण आहे ती पाहण्यात. डोळा उघडा असला की सगळे दिसते, हा आपला समज. वस्तुतः स्पष्ट दिसते ते नजरेच्या मध्यावरच्या एक-दोन अंशांत; हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते तेवढ्याच जागेत. उरलेल्या भागात डोळ्याला मुख्यतः हालचाल कळते. आणि दोघेही सरळ जात असतील, तर जे विमान आपल्यावर येऊन आदळणार तेच नेमके काचेवर एका जागी स्थिर दिसते! सरकणारा ठिपका बहुधा निघून जातो. न सरकणारा घातकी. तो बराच वेळ ठिपकाच राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो.

हिशेब करून पाहा. ताशी १०० किलोमीटर वेगाचे दोन ग्लायडर समोरासमोर आले, तर त्यांच्यातले अंतर सेकंदाला सुमारे ५५ मीटरने घटते. दिसणे, ओळखणे, ठरवणे आणि विमान वळणे, या सर्वांस अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने साडेबारा सेकंद धरले आहेत. म्हणजे सुमारे ७०० मीटरांवरच दिसले पाहिजे. आणि समोरून येणारा ग्लायडर म्हणजे एक बारीक आडवी रेघ. म्हणून नजर झाडूसारखी फिरवू नये, आकाशाचे तुकडे पाडून प्रत्येकावर क्षणभर थांबवावी, असे शिकवतात. मागे आणि खाली काय आहे, हे तर बसल्या जागेवरून दिसतच नाही.

अपघातानंतर ‘वैमानिकाचे लक्ष नव्हते’ असे म्हणणे सोपे असते. कारखान्यात यंत्रात बोट गेले की ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा शेरा पडतो. असे कागद मी पुष्कळ वाचले आहेत. यंत्राला जाळी होती का, हे मात्र त्यांत क्वचितच असते. ऑस्ट्रेलियाच्या हवाई सुरक्षा विभागाने १९९१ साली ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीचीच छाननी केली, आणि आगाऊ इशाऱ्यावाचून नुसत्या डोळ्यांवर विसंबण्याला गंभीर मर्यादा आहेत, असा निष्कर्ष काढला.

अशी जाळी पुढे स्वित्झर्लंडात तयार झाली. २००४ साली आलेले फ्लार्म नावाचे छोटे यंत्र आपला मार्ग बिनतारी संदेशाने इतरांना कळवते, त्यांचा मार्ग ताडून पाहते आणि टक्कर संभवत असेल तर वाजू लागते. मात्र ज्या विमानातून कसलाच संदेश निघत नाही, त्याच्याविषयी ते मुके राहते.