ही कोणाची कोण?

ओटावातल्या ‘लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा’ या राष्ट्रीय अभिलेखागारात आर्क्टिक प्रदेशाचे हजारो फोटो आहेत. विसाव्या शतकात उत्तरेला जो कोणी गेला, पोलीस, डॉक्टर, व्यापारी, सरकारी अधिकारी, नॅशनल फिल्म बोर्डाचा छायाचित्रकार, त्याने ते काढले आणि दक्षिणेत आणून जमा केले. त्यांच्या खालच्या ओळी वाचत गेलं की एक गोष्ट खटकते. फोटो काढणाऱ्याचं नाव असतं, ठिकाण असतं, बहुधा सालही असतं. १९५६ साली गव्हर्नर जनरल व्हिन्सेंट मॅसी उत्तरेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा गार लनी हा छायाचित्रकार त्यांच्यासोबत होता. अशा पाहुण्यांची नावं हुद्द्यासकट मिळतात. पण गावातल्या बाईचा फोटो असेल तर बहुतेक वेळा ‘एस्किमो स्त्री’ एवढ्यावर भागवलेलं असतं.

नाव ठाऊक नव्हतं म्हणून लिहिलं नाही, अशी समजूत घालून घ्यायला एक अडचण आहे. हेच सरकार १९४१पासून एकेका इनुइट, म्हणजे तेव्हाच्या भाषेत एस्किमो, माणसाची नोंद ठेवत होतं. नाण्याएवढी तांबूस चकती, चामड्याची किंवा दाबलेल्या पुठ्ठ्यासारख्या पदार्थाची. मधोमध राजमुकुट, भोवती ‘एस्किमो आयडेंटिफिकेशन कॅनडा’ ही अक्षरं आणि मागे क्रमांक. भोकातून दोरा ओवून ती गळ्यात घालायची. पूर्वेकडच्यांना ‘ई’, पश्चिमेकडच्यांना ‘डब्ल्यू’, मग विभागाचा आकडा, मग माणसाचा. कुटुंबभत्ता घ्यायचा की नंबर, डॉक्टरांपुढे उभं राहायचं की नंबर. इनुइट लोकांत आडनाव नसे, आणि एकच नाव पाद्री एका तऱ्हेने लिहीत, पोलीस दुसऱ्या. म्हणून ही सोय, असं सरकारचं म्हणणं. ल्यूसी आयडलाउट या इनुइट गायिकेने आपल्या एका अल्बमला ‘ई५-७७०, माय मदर्स नेम’ हे नाव दिलं. तो आकडा तिच्या आईचा. पुढे १९६९ ते १९७१ या काळात एब ओकपिक हा इनुइट गृहस्थ सरकारतर्फे वस्तीवस्तीला फिरला आणि घरोघरी आडनावं नोंदवून आला, तेव्हा चकत्यांची सद्दी संपत आली.

सांगायचं एवढंच, की या सरकारला माणूस नेमका ओळखायची गरज वाटली तेव्हा त्याने त्याची चोख व्यवस्था लावली. फोटोखाली ती गरज वाटली नाही. फोटोतल्या माणसाने नमुना म्हणून उभं राहायचं होतं. हे काही आर्क्टिकपुरतं नव्हतं. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातही माणसं जातीच्या आणि पंथाच्या मथळ्याखाली उभी आहेत. आपल्याकडे ती पानं चाळणाऱ्यांपैकी कितीजणांना ‘पण हा होता कोण?’ असं विचारावंसं वाटलं असेल?

ओटावात तो प्रश्न विचारला गेला, आणि तोही अभिलेखागाराबाहेरून. ‘नुनावुत सिवुनिक्सावुत’ नावाची एक शिक्षणसंस्था तिथे १९८५पासून चालते. शाळा संपवलेली इनुइट मुलंमुली नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातून येतात आणि आपल्या लोकांचा इतिहास, जमिनीच्या हक्कांचे करार, सरकारशी झालेल्या वाटाघाटी शिकतात. तिथले एक शिक्षक मरी अँगस यांनी सुचवलं, की हे फोटो आमच्या विद्यार्थ्यांबरोबर गावी पाठवा. अभिलेखागार, ही संस्था आणि नुनावुत सरकारचं सांस्कृतिक खातं अशा तिघांनी मिळून २००१-०२च्या सुमारास ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू केलं.

गावी पाठवणं ही साधी गोष्ट नव्हती. नुनावुतचा पसारा महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट, वस्ती जेमतेम सदतीस हजार. पंचवीस गावं, आणि एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ता नाही, विमानाने जायचं. इग्लुलिकच्या आजीने ओटावाला येऊन फोटोंची खोकी उघडावीत, ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा रिचर्ड हॅरिंग्टनच्या संग्रहातले सुमारे पाचशे फोटो आधी संगणकावर उतरवले आणि विद्यार्थी लॅपटॉप घेऊन इग्लुलिक, तालोयोआक, कुगारुक, जोआ हेवन इथल्या म्हाताऱ्यांकडे गेले.

हॅरिंग्टनची निवड नेमकी होती. हा हॅम्बुर्गला जन्मलेला कॅनेडियन छायाचित्रकार १९४८ ते १९५३ या काळात कुत्र्यांच्या घसरगाडीवरून आर्क्टिकमध्ये हिंडला. १९५०च्या हिवाळ्यात पॅडलेई भागात कॅरिबू हरणांचे कळप वाटेवर आलेच नाहीत आणि माणसं उपासमारीने मेली. ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि टिपलंही. हॅरिंग्टनला माणसांबद्दल कळवळा होता, हे त्याचे फोटोच सांगतात. तरी त्याच्याही फोटोंखाली नावं क्वचितच. म्हणून हा दोष एखाद्या निर्दय अधिकाऱ्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही. आणि २००२ साली हे फोटो पन्नास वर्षांचे होते; त्यातली पोरं तेव्हा साठीत आलेली, भोवतालच्या मोठ्यांना नावानिशी ओळखणारी.

लॅपटॉपचा इथे वेगळाच उपयोग झाला. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांना चेहरा मोठा करून दाखवता येतो. पण चेहरा दिसलाच पाहिजे असंही नाही. बाळाला पाठीशी घेऊन फिरायचा बायकांचा कोट, अमाउती, जागोजागी वेगळ्या बेताचा असतो. टोपडं किती खोल, मागची शेपटी किती लांब, मण्यांची पट्टी कुठून कुठे, यावरून ती कुठल्या भागातली हे जाणकार बाईला कळतं. गाव कळलं, साल कळलं, की एवढ्याशा वस्तीत ही कोण हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. पहिल्या फोटोंतल्या सुमारे तीन चतुर्थांश माणसांची ओळख अशी पटली. अभिलेखागाराला एवढ्याची अपेक्षा नव्हती.

इनुइट घरात ओळख पटली म्हणजे काय, हे थोडं उलगडून सांगावं लागतं. बाळाला गेलेल्या माणसाचं नाव देतात; मुलगा-मुलगी हा भेद नावात नसतो. नावाबरोबर नातंही येतं. आजीच्या आईचं नाव नातीला दिलं असेल तर आजी त्या नातीला आई म्हणूनच हाक मारू शकते. मग फोटोतल्या बाईचं नाव सापडतं तेव्हा बरेचदा त्याच नावाचं कोणी गावात हयात असतं. लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगीही असू शकते! सरकारी नोंदीतली एक रिकामी जागा भरली, एवढ्यावर तिथे गोष्ट थांबत नाही.

कॅमेरा नेहमी बाहेरच्याच हातात होता, असंही समजू नये. दक्षिण बॅफिन बेटावरच्या पीटर पित्सेओलाकने १९४०च्या दशकात स्वतःचा कॅमेरा मिळवला. त्याने आणि त्याची बायको आग्गेओक हिने शिकारीच्या मुक्कामात, बर्फाच्या इग्लूतच फिल्म धुतली. टॉर्चला लाल कापड गुंडाळलं की झाला अंधाऱ्या खोलीतला दिवा. त्याच्या फोटोत त्याचे सोयरेधायरे आहेत, आणि तो त्यांना नावाने ओळखत होता.

२०१५पासून प्रोजेक्ट नेमिंगची कक्षा फर्स्ट नेशन्स आणि मेटी या कॅनडातल्या इतर मूलनिवासी लोकांपर्यंत वाढवली गेली. फोटो आता फेसबुकवरही टाकले जातात आणि नावं मोबाइलवरून येतात. मला वाटतं, त्यात आकडा वाढतो, पण शेजारी बसून ऐकलेलं मागे पडतं. ‘हा माझा काका’ या वाक्यानंतर म्हातारी जे सांगत सुटते, ते प्रतिक्रियेच्या चौकटीत मावत नाही.

काही फोटोंचं मोल मात्र या हिशोबाच्या पलीकडचं आहे: जी माणसं घरून गेली ती परतलीच नाहीत, त्यांच्या फोटोंचं. १९५०च्या दशकात क्षयाचे रोगी जहाजाने दक्षिणेच्या इस्पितळांत नेले जात. १९५६च्या सुमारास दर सात इनुइटांपैकी एक तिथे होता. अनेकजण तिकडेच वारले आणि कुठे पुरले हे घरच्यांना कळवलंही गेलं नाही. मार्च २०१९मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी नुनावुतच्या राजधानीत, इकालुइटला, येऊन त्याची माफी मागितली, आणि थडगी शोधून देणारी नानिलावुत ही योजना त्याच वेळी जाहीर झाली. तिच्यामुळे काही कुटुंबं आता विमानाने दक्षिणेत जातात आणि सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या आजोबांच्या थडग्यावर नावाची पाटी लावून येतात.