सात वाजून सात मिनिटं

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी सातला लागायची. गेटच्या आत डाव्या हाताला कार्ड पंच करायचं मशीन होतं. सात वाजून पाच मिनिटांपर्यंत ते काळ्या शाईत वेळ छापायचं, सहाव्या मिनिटापासून लाल शाईत. मशीनला लागून टाइम ऑफिसची खिडकी आणि त्या खिडकीत मी, १९९१ ते २०२२. पुढे कार्डं गेली, अंगठ्याचं मशीन आलं, शाई उरली नाही. तरी लोक म्हणायचे, "ताई, आज लाल पडलं हो."

टाइम ऑफिस म्हणजे हजेरी, रजा, ओव्हरटाइम, गेटपास आणि मेमो यांचं टेबल. वर मीटिंगमध्ये काय ठरतं ते कामगाराला कळत नाही. त्याला कंपनी भेटते ती पगाराच्या स्लिपवर आणि आमच्या खिडकीवर, म्हणून भांडणही पहिल्यांदा खिडकीवरच यायचं. एकतीस वर्षं ती भांडणं ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. नियम कडक आहे म्हणून माणूस फारसा चिडत नाही, कडक नियम तो सोसतो. तो पेटतो ते हा नियम लिहिलाय कुठे हे कुणी दाखवत नाही तेव्हा, आणि शेजारच्या मशीनवरच्याला तोच नियम लागत नाही तेव्हा.

२०१३ सालची गोष्ट सांगते. परभणीकडचा एक मुलगा आमच्याकडे सीएनसीवर होता. राहायला आळंदीकडे, पगार १०,४०० रुपये. जून महिन्यात तो तीनदा उशिरा आला. एकदा बस आली नाही म्हणून, एकदा पावसामुळे, आणि एकदा माउलींच्या प्रस्थानासाठी लोटलेल्या वारकऱ्यांनी रस्ता भरला होता म्हणून. सात, आठ आणि बारा मिनिटं. आमच्याकडे पद्धत अशी की तीन लेट मार्कांचा अर्धा दिवस कापायचा. जुलैत स्लिप हातात पडली आणि तो खिडकीवर आला. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाला, "ताई, सत्तावीस मिनिटांचा अर्धा दिवस कसा होतो, तेवढं समजावून सांगा."

मी हिशेब मांडला. १०,४०० भागिले २६, म्हणजे दिवसाचे ४०० रुपये. अर्धा दिवस म्हणजे २००. आठ तासांना ४०० रुपये, तर २७ मिनिटांचे होतात २२ रुपये ५० पैसे. साडेबावीस रुपयांच्या उशिरापोटी आम्ही दोनशे कापले होते. आम्ही म्हणजे मीच. बावीस वर्षं दर महिन्याला ती वजाबाकी माझ्या हातून होत होती, आणि तिचा आधार काय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातलं कायद्याचं पुस्तक काढलं. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाचं नववं कलम याच विषयावर होतं. माणूस जितका वेळ गैरहजर, तितक्याच प्रमाणात पगार कापता येतो, त्याहून जास्त नाही. एकच मोठा अपवाद आहे. दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, नोटीस न देता आणि वाजवी कारणाशिवाय कामावर आले नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा आहे. बस न मिळालेल्या मुलाला ते लागू होत नाही. स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्याच्या लेखी नियमांच्या, केंद्र सरकारच्या नमुन्यातही उशिराच्या हजेरीखाली हेच म्हटलं होतं, की कपात वेतन प्रदान अधिनियमाप्रमाणे व्हावी. दंडाचं कलम वेगळं, आणि ते आणखी बारीक आहे. दंड कोणकोणत्या चुकांना लागणार त्याची यादी सरकारची मंजुरी घेऊन आधी लावलेली हवी. दंड करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं. महिन्याच्या वेतनाच्या तीन टक्क्यांवर दंड जाता कामा नये. त्याची नोंद रजिस्टरात हवी, आणि जमा रक्कम कामगारांच्याच भल्यासाठी खर्चायला हवी. मी आमचं दंडाचं रजिस्टर उघडलं. सगळी पानं कोरी होती.

पुस्तक घेऊन मी साहेबांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. "अहो, सगळीकडे असंच चालतं," म्हणाले, आणि त्यांची अडचणही त्यांनी सांगितली. ती खरी होती. तिसऱ्या पाळीचा माणूस रात्रभर उभं राहून थकलेला असतो. पहिल्या पाळीचा रिलीव्हर येईपर्यंत त्याला मशीन सोडता येत नाही. एकाचा उशीर कंपनीआधी दुसऱ्या कामगाराला भोवतो. उशिरा येण्याची सवय मोडायला काहीतरी हवंच. पण ते काहीतरी कायद्यात होतं. स्थायी आदेशांच्या नमुन्यात वारंवार उशिरा येणं हे गैरवर्तन म्हणून नोंदलेलं होतं. मेमो द्या, खुलासा मागा, तरी सुधारला नाही तर कारवाई करा. त्यात कागद लिहावे लागतात, माणसाचं ऐकावं लागतं. अर्धा दिवस कापणं सोपं होतं, म्हणून ते चालत आलं.

युनियनच्या कमिटीने विषय लावून धरला. चार महिने गेले. नोव्हेंबरच्या स्लिपवर त्या मुलाच्या नावापुढे अरिअर्स म्हणून १७७ रुपये ५० पैसे आले. ती स्लिप त्याने माझ्या खिडकीच्या काचेला आतून दिसेल अशी धरली आणि काही न बोलता पाळीला गेला.

आता हे स्थायी आदेश म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण नोकरीत आयुष्य काढलेल्या कितीतरी लोकांनी ते कधी पाहिलेले नसतात. १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांना बंधन घातलं की नोकरीच्या अटी लेखी मांडायच्या आणि सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यायच्या. पाळ्या कशा, रजा कशी मागायची, उशीर झाला तर काय, गैरवर्तन कशाला म्हणायचं, चौकशी कशी करायची, सगळं त्यात. प्रमाणित करण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधींचं म्हणणं ऐकायचं. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती अट अशी: हे आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशद्वारापाशी आणि प्रत्येक विभागात फलकावर लावायचे. आमच्याकडेही फलक होता. टाइम ऑफिसच्या मागच्या भिंतीवर, लोखंडी कपाटाच्या आड. कपाट सरकवलं तेव्हा त्यावरचा मराठी मजकूर मी पहिल्यांदा पूर्ण वाचला.

कामाचे नियम कामगाराने लेखी मागायचे, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पंधरा तारखेच्या आत, जखमी कामगाराला भरपाई. मागण्या किती साध्या आणि मोजता येतील अशा! रविवारची सुट्टी मिळाली १० जून १८९० ला. आमच्या भोसरीत विजेच्या नियोजनामुळे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे रविवारी मुलं घरी आणि आईबाप पाळीला. पण आठवड्यात हक्काचा एक दिवस हातात आहे, तो त्या सह्यांमुळे.

दुसरी गोष्ट बिल्ल्याची. असेंब्ली लाइनवर चौदा बायका होत्या. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला टांगलेला असायचा. बाथरूमला जायचं तर बिल्ला घ्यायचा, आलं की परत टांगायचा. बिल्ला एकच, म्हणजे एका वेळी एकच बाई. तो घ्यायला सुपरवायझरच्या समोरून जायचं आणि त्याने घड्याळाकडे बघायचं. पुष्कळजणी दुपारपर्यंत पाणीच पीत नसत. मला हे ठाऊक नव्हतं. त्यांच्यातली एक लघवीच्या जंतुसंसर्गाचं ईएसआयचं सर्टिफिकेट घेऊन आली, तिच्या मागोमाग महिनाभरात दुसरी आली, तेव्हा मी तिला आत बोलावून बसवलं. ती बराच वेळ खाली बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, बिल्ला लवकर मिळत नाही."

कारखाने अधिनियम, १९४८ यातलं एकोणिसावं कलम म्हणायचं की शौचालयं आणि मुताऱ्या सोयीच्या जागी असाव्यात आणि कामगार कारखान्यात असतील त्या सगळ्या वेळी त्यांना वापरता याव्यात. सगळ्या वेळी, असं स्पष्ट लिहिलं होतं. बिल्ला त्यात बसतच नव्हता. लाइन थांबते हे सुपरवायझरचं म्हणणं ऐकून आम्ही एक जादा रिलीव्हर मागितली. ती मिळाली आणि एका सोमवारी बिल्ला खिळ्यावरून गेला. सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. दीड वर्षाने नवा सुपरवायझर आला. त्याच खिळ्यावर नवा बिल्ला आला, आणि विचारलं तर म्हणाला, "नको असं कुठे लिहिलंय?" खरंच कुठे लिहिलेलं नव्हतं. आम्ही पहिल्या वेळी तोंडी आश्वासनावर समाधान मानलं होतं. दुसऱ्या वेळी विषय वर्क्स कमिटीच्या सभेत घेतला, इतिवृत्तात लिहून सह्या घेतल्या आणि त्याची प्रत लाइनवर चिकटवली. माझ्या निवृत्तीपर्यंत खिळा रिकामा होता.

कागदाची भीती मात्र मी आयुष्यभर पाहिली. मेमो किंवा चार्जशीट आली की कामगार घ्यायलाच तयार नसायचा. "सही केली म्हणजे गुन्हा कबूल," असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. मग दोन साक्षीदारांसमोर "पत्र घेण्यास नकार" असा शेरा पडतो आणि पुढच्या चौकशीत तोच त्याला नडतो. मी प्रत्येकाला सांगायची, पत्र घ्या, "मिळाले" लिहा, तारीख घाला आणि सही करा. ती पोच असते, कबुली नसते. भाषा समजली नाही तर समजणाऱ्या भाषेत मागा. मुदतीत उत्तर द्या आणि उत्तराची एक प्रत स्वतःकडे ठेवा. सस्पेंड केलं तर घरी रिकाम्या हाताने बसायचं नसतं. चौकशी चालू असताना पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि विलंब कामगारामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के निर्वाहभत्ता मिळायला हवा. हे ठाऊक नसल्यामुळे दोघातिघांनी घाबरून राजीनामे लिहून दिले. तेही माझ्याच फायलीत लागले. त्यातला एक माणूस पुढे मोशीच्या बाजारात हमाली करताना दिसला. त्याने ओळख दिली, मला मान वर करवेना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशात लागू झाल्या. पगाराच्या कपातीचं आणि दंडाचं जुनं सूत्र वेतन संहितेत टिकून आहे, आणि आता त्याला पगाराची मर्यादा नाही, ही चांगली गोष्ट झाली. पण औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरती आहे. आपल्या महाराष्ट्रात पूर्वी ती पन्नासपासून होती. भोसरीत, चाकणला, नाशिकच्या अंबडला गल्लीगल्लीतून ऐंशी, दीडशे माणसांची वर्कशॉप आहेत. तिथे नियम मालकाच्या तोंडात असतो आणि सकाळच्या मूडवर बदलतो. लेखी नियमाची सर्वांत जास्त गरज असते ती याच लोकांना. सक्ती मात्र नेमकी तिथूनच उठली, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या गुरुवारी आमच्या असेंब्लीवरच्या एकीची मुलगी घरी आली. चाळीस माणसांच्या प्रेस शॉपमध्ये पॅकिंगला आहे, पगार १३,००० रुपये. तिने मोबाइल पुढे केला. सुपरवायझरचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज होता: उद्यापासून शॉपमध्ये मोबाइल दिसला तर पाचशे रुपये कट. तिची मुलगी दोन वर्षांची, पाळणाघरातून केव्हाही फोन येतो. मी म्हटलं, प्रेसजवळ मोबाइल नको हे बरोबरच आहे, तिथे एका क्षणात बोटं जातात. पण तेरा हजारांचे तीन टक्के म्हणजे ३९०, पाचशे कुठून आले? आणि पाळणाघराचा फोन ऑफिसात घेऊन तुला निरोप द्यायची सोय हवी, तीही मागू.

मी रेघांचा कागद काढला. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं, म्हणून लिहायला तिलाच बसवलं. तारीख घातली, "प्रति, मा. व्यवस्थापक" लिहिलं, आणि ती पेन धरून माझ्याकडे बघत राहिली. मी सांगितलं, पहिली ओळ लिही: "मोबाइलबाबतच्या नियमाची लेखी प्रत मिळावी, ही विनंती."